मुलीला कायरोप्रॅक्टर व्हायचंय, पण पेशंट डॉक्टरकडेच पाठवायचे तर करिअर कसलं?

नमस्कार ताई,

पत्र वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, मान कडाककन मोडायचे व्हिडिओ बघून तिने कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके-सांधे हाताने दाबून, हलवून दुखण्यावर उपचार करणारी, व्हायचं डोक्यात घेतलंय, आणि तुम्हाला वाटतंय की गंभीर पेशंट शेवटी डॉक्टरकडेच पाठवायचा तर हे काम दुय्यमच.

आधी तो आवाज बाजूला ठेवा. कडाक झालं म्हणजे हाड जागेवर बसलं असं काही नसतं. खरं काम त्याच्या आधीचं, पेशंटला नीट विचारणं, पायातली ताकद, संवेदना, रिफ्लेक्स बघणं, आणि मग ठरवणं की याला हात लावायचा की नाही. समजा कंबरदुखीवाला आला आणि बोलता बोलता म्हणाला की लघवी आलेली कळत नाही, बसायची जागा बधिर वाटते, तर त्याला टेबलवर घ्यायचंच नाही, तडक इमर्जन्सीत, कारण मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसा दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि उशीर झाला तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मान अचानक, कधी नव्हे अशी दुखतेय, सोबत चक्कर, एकाचे दोन दिसतायत, जीभ अडखळतेय? मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते, तिथे झटका देणं म्हणजे स्ट्रोकला आमंत्रण. पूर्वी कॅन्सर झालेला, ताप, विनाकारण घटलेलं वजन, बरीच वर्षं स्टेरॉइड, यातलं काही असेल तरी आधी तपासण्या. हे ओळखता येणं दुय्यम कसं?

आणि नुसतं "डॉक्टरला दाखवा" म्हणून भागत नाही हं. काय सापडलं, काय केलं, शंका कसली, हे पेशंटला विचारून चिठ्ठीत लिहायचं, फाइलला नोंद ठेवायची. पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायचं नाही.

गंमत म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने एके काळी डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणंच अनैतिक ठरवलं होतं, त्यावर १९७६ मध्ये काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये कोर्टाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. म्हणजे एकमेकांकडे पेशंट पाठवता यावेत म्हणून ही माणसं भांडलीत!

कोर्सचं बघताना वीकेंडच्या सर्टिफिकेटच्या नादी लागू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तास धरलेत, त्यात १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. जिथे प्रॅक्टिस करायची तिथे कायद्याने रजिस्ट्रेशन मिळतं का तेही आधी बघा, ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यापासून त्यासाठी वेगळी कौन्सिल आहे. कंबरदुखीत या उपचाराचा थोडाफार फायदा दिसतो, पण दमा बरा करतो, लहान मुलांचे कान बरे करतो असं शिकवणाऱ्यांपासून लांबच रहा. फिजिओथेरपीही बघून ठेवा, आवड तीच असेल तर तो रस्ता बऱ्याच ठिकाणी सोपा पडतो.

ॲडमिशनआधी मुलीलाच कॉलेजला विचारू द्या, "पेशंटला हात लावायचा नाही हे कधी ठरवायचं, ते कोण शिकवतं आणि परीक्षेत कसं तपासता?" उत्तर गुळमुळीत आलं तर फी भरू नका.