उत्तरं दोन शब्दांतच येतात, काय करू?

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेते आहे. उत्तरं 'हो', 'नाही'च्या पुढे जात नाहीत. किती मुलाखती पुरतील? वऱ्हाडी उत्तरं प्रमाण मराठीत लिहायची का?

उत्तर : "मजुरी पुरते का?" असं विचारलं की "नाही" एवढंच येणार. त्याऐवजी "काल सकाळपासून वावरातून घरी येईपर्यंत काय काय केलं?" असं विचारा आणि गप्प बसा. मग त्यांचाच शब्द उचला : "काटा कमी दाखवला म्हणालात, तेव्हा काय झालं?"

वेळही पाहा. वेचणीची मजुरी किलोवर असते; दुपारी तासभर अडवलंत तर तेवढी मजुरी बुडते, मग उत्तरं तुटकच येणार. बाजाराचा दिवस बरा. शेतमालक किंवा सरपंच ओसरीवर बसला असेल तर मुलाखत घेऊच नका. गप्पा मारा नि परत या.

संख्या आधी ठरत नाही. नवीन मुलाखतीतून नवं काही निघेना, की थांबायचं. संपृक्ततेची ही कल्पना ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये मांडली. एकसारख्या गटात १२-१५ बहुधा पुरतात, पण भूमिहीन आणि अल्पभूधारक हे वेगळे गट धरा.

वऱ्हाडी तशीच ठेवा. 'मले', 'तुले' सुधारत बसलात की बोलण्यातला रोखच जातो. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला ४ ते ६ तास लागतात, म्हणून साचू देऊ नका. रेकॉर्डिंगची परवानगी मात्र सुरुवातीलाच, आणि तीही रेकॉर्डवर घ्या.