एफ-वनच्या (फॉर्म्युला वन) कार रेस नवीन बघायलास? आधी हे ऐक

भाऊ, दोन-चार रेस बघून "एकच टीम जिंकायलीय, बोर आहे" म्हणून सोडू नकोस. 2023 ला रेड बुल टीमनं 22 पैकी 21 रेस मारल्या, आमच्या रूमवरचे पोरं झोपून जायचे पण मी जागा, कारण ती गाडी एवढी भारी पळते कशी हेच मला बघायचं असायचं. शंकरपटात जोडी काही सेकंदच पळते ना, पण तिच्यामागं वर्षभराचा खुराक अन् मेहनत असते, इथं पण तसंच हाय.

1992 ला विल्यम्स टीमच्या गाडीत ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं, म्हणजे कॉम्प्युटरच गाडीची उंची सांभाळायचा, त्यांचा ड्रायव्हर मॅन्सेल चॅम्पियन झाला, अन् 1994 पासून ते बंद करून टाकलं. मला अजून वाईट वाटतं त्याचं. अन् 2011 ला आणलं काय तर डीआरएस, मागचा पंख उघडायचा म्हणजे ओव्हरटेक सोपा, ते 2025 पर्यंत चाललं. टीव्हीवर मजा यायची, पण ती खरी लढत नव्हती असं माझं ठाम मत आहे.

तू वाळूजला मशीनवर काम करतोस, तुला तर हे लवकर कळंल. 2014 पासूनचं 1.6 लिटर व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं) टर्बो इंजिन समजून घे, ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत कशी भरतात ते बघ. शनिवारची क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कितव्या नंबरवरून सुटणार ते ठरवणारी फेरी, चुकवू नको, तिथं टायरचा रंग बघायची सवय लाव, लाल मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक. रविवारी काही अडलं तर लगेच विचार, रात्री पण चालतंय.