रोजच्या वापरासाठी तुमची आवडती ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम कोणती आणि का?

डेबियन, म्हणजे लिनक्सची एक डिस्ट्रो (तयार जुळवलेली आवृत्ती). त्यातही तिची पक्की शाखा, स्टेबल. चाचणीतली टेस्टिंग नको, सिड म्हणजे अनस्टेबल तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तुमचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, काम म्हणजे ब्राउझर, कागदपत्रं आणि व्हिडिओ कॉल. डेबियन घ्यायचं मनात होतं, पण कुणीतरी सांगितलं की त्यातलं सगळं जुनाट असतं, त्यापेक्षा रोलिंग डिस्ट्रो घे, म्हणजे जिच्यात नवी व्हर्जन्स सतत येत राहतात अशी. या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसले आहे. माझं पोट सर्व्हर सांभाळण्यावर चालतं आणि हा सल्ला मी घरातच इतक्या वेळा ऐकलाय की आता गप्प बसवत नाही.

माझी ताई पीएचडीचा प्रबंध लिहीत होती तेव्हाची गोष्ट. भाऊजी प्रोग्रामर. हुशार माणूस. स्वतःच्या मशीनवर एक रोलिंग डिस्ट्रो वापरतात आणि ती उत्तम सांभाळतात. ताईचा लॅपटॉप विंडोजवर रखडत होता, म्हणून त्यांनी त्यावरही तीच डिस्ट्रो टाकून दिली. (नाव घेत नाही, कारण माझं भांडण त्या एका डिस्ट्रोशी नाही.) मी तेव्हाच म्हटलं, "भाऊजी, हिला डेबियन द्या." ते म्हणाले, "अगं, तुझं डेबियन म्हणजे वस्तुसंग्रहालय. दोन वर्षांपूर्वीची पॅकेजेस कशाला वापरायची? सर्व्हरला ठीक आहे ते." विषय तिथेच मिटला. घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. माझं रोजचं काम तेच असूनही.

बरेच दिवस सुरळीत गेले. मग प्रबंध जमा करायच्या आठवड्यात अपडेटची सूचना आली आणि ताईने हो म्हटलं. तिचं यात काहीच चुकलं नाही, अपडेट करत राहा असंच तिला सांगितलेलं होतं. त्या अपडेटमध्ये नवं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आलं. तिच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बंद कोडचा, कर्नलच्या बाहेरचा. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो आणि या वेळी तो बांधला गेला नाही. रीबूट केल्यावर लोगो आला, मग काळी स्क्रीन आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. भाऊजी प्रवासात, फोन लागेना. रात्री ताईने मला फोन केला.

"कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाब," मी सांगितलं. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं. तिने नाव टाकलं, पासवर्ड टाकायला लागली आणि थांबली. पासवर्डच्या जागी काहीच उमटत नव्हतं, ठिपकेसुद्धा नाहीत, तेव्हा तिला वाटलं कीबोर्डही गेला. "दिसणार नाही, तू टाकत राहा." आत गेल्यावर पेन ड्राइव्ह लावायला सांगितला, डिस्कची यादी दाखवणारी कमांड एकेक अक्षर उच्चारून सांगितली. ती वाचत होती, एसडीए, एसडीए१, एसडीए२, मग खाली एसडीबी, एसडीबी१. आकार विचारला आणि एसडीबी१ म्हणजेच पेन ड्राइव्ह याची खात्री करून घेतली. तो माउंट केला, म्हणजे सिस्टीमला जोडून घेतला, प्रबंधाचं फोल्डर त्यावर उतरवलं. मग मी तिला पेन ड्राइव्हवरच्या फायलींची नावं आकारासकट मोठ्याने वाचायला लावली, प्रकरण पहिल्यापासून संदर्भसूचीपर्यंत. अनमाउंट केल्याशिवाय काढू नको, असं बजावलं. इतका वेळ तिचा आवाज एकदम कोरडा होता. पेन ड्राइव्ह हातात आल्यावर ती रडायला लागली.

जुन्या कर्नलने बूट करता आलं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं. पण त्या मशीनवर जुनं कर्नल उरलंच नव्हतं, नवं आलं तेव्हा ते काढून टाकलं गेलं होतं. डेबियनमध्ये नवं कर्नल आलं तरी आधीचं राहतं, ग्रबच्या, म्हणजे सुरू होतानाच्या, मेनूतून ते निवडायचं आणि पुढे जायचं.

प्रबंध तिने दुसऱ्या मशीनवरून वेळेत जमा केला. त्यानंतर मी तिच्याकडे जाऊन डेबियन टाकलं आणि आजही तेच चालू आहे. मधे एकदा स्टेबलची पुढची आवृत्ती आली तेव्हा अपग्रेडही तिथेच बसून केलं. तुझ्याकडे कितवं डेबियन आहे असं विचारलंत तर तिला सांगता येणार नाही, आणि मला याचा अभिमान वाटतो. रोजच्या वापराची सिस्टीम अशीच हवी. ती वापरणाऱ्याला तिची आठवण ठेवावी लागता कामा नये.

भाऊजींचं म्हणणं आजही असं की तो दोष ड्रायव्हरचा होता, डिस्ट्रोचा नाही. मला हे पटत नाही. ड्रायव्हर बंद कोडचा आहे हे आधीपासून माहीत होतं. कर्नल सतत बदलणार हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकाच मशीनवर ठेवल्या की कधीतरी हे होणारच, फक्त कोणत्या आठवड्यात ते ठरलेलं नसतं. डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आहे आणि त्या आवृत्तीच्या पूर्ण आयुष्यात ते ६.१२ च राहणार. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातच येत राहतात. ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन सरकत नाही.

आता जुनाटपणाबद्दल. पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं, तिथे मोठी गडबड दिसली नाही तर टेस्टिंगमध्ये जातं, मग काही महिने फ्रीझ असतो. त्या काळात नवी व्हर्जन्स थांबतात आणि फक्त बग मारले जातात. साधारण दोन वर्षांनी यातून स्टेबल बाहेर पडतं आणि त्यानंतर पॅकेजांची व्हर्जन्स सहसा हलत नाहीत. सुरक्षेचं भोक सापडलं की दुरुस्ती तेवढी जुन्या व्हर्जनमध्ये आणून बसवतात. आकडा जुना दिसतो, भोक बुजलेलं असतं. आकडा बघून जुनाट म्हणणारे लोक हे लक्षातच घेत नाहीत. आणि तुम्हाला सर्वांत जास्त काळजी ज्याची, तो ब्राउझर याला अपवाद आहे. फायरफॉक्सची ईएसआर (जास्त काळ सपोर्टची) आवृत्ती आणि क्रोमियम ब्राउझर दोन्ही स्टेबलमध्येही पुढे सरकत राहतात. एखादं ॲप अगदी ताजंच हवं असेल तर ते फ्लॅटपॅकने, म्हणजे सिस्टीमपासून वेगळं बसवण्याच्या पद्धतीने, घ्या, खालची सिस्टीम जागची हलत नाही.

"नवीन तेच सुरक्षित" हे भाऊजींचं आवडतं वाक्य. त्याला माझं उत्तर एकच, एक्सझेड. हे फायली दाबून लहान करणारं छोटं साधन, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या प्रकल्पात एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं शांतपणे काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घुसवली. रोख एसएसएचवर, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायच्या साधनावर, होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने खणून काढलं आणि २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं. तोवर या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये, फेडोराच्या रॉहाइड या चाचणीशाखेत, ओपनसुसेच्या टंबलवीड या रोलिंग डिस्ट्रोत पोचल्या होत्या. डेबियन स्टेबलमध्ये पोचल्या नव्हत्या. उशिरा घेण्याचा हा थेट फायदा. घाईने घेणाऱ्यांनी आमच्यासाठी वाट तपासली, त्याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे, पण ते काम माझ्या ताईने का करावं?

बाकीच्या सिस्टीमांबद्दल थोडक्यात. मिंट घेतलंत तर मी अडवणार नाही, नव्या माणसाला ते सोपं जातं. डेबियनवर उभी असलेली त्याची एलएमडीई ही आवृत्तीही चांगली. उबुंटूच्या एलटीएसला, म्हणजे दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला, पाच वर्षं सपोर्ट आहे, पण २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या वेगळ्या ॲप-पद्धतीतून येतो आणि जुन्या लॅपटॉपवर तो पहिल्यांदा उघडताना मला फार वेळ घेताना दिसलाय. फेडोरा नीटनेटकी, पण तिची एक आवृत्ती जेमतेम १३ महिने चालते, म्हणजे दरवर्षी अपग्रेडचा घाट. आर्च शिकायला उत्तम, त्याचं विकी तर मी डेबियन वापरतानाही उघडते. पण तिथे अर्धवट अपडेटला आधार नाही, घ्यायचं तर सगळं घ्या. आज फक्त ब्राउझर अपडेट करते आणि कर्नल पुढच्या महिन्यात, असं म्हणता येत नाही. फ्रीबीएसडी मला आवडते, पण तुमच्या लॅपटॉपच्या वायफायसाठी तिची परीक्षा घेऊ नका.

मालक कोण, हेही बघावं. रेड हॅट कंपनीच्या ताब्यातल्या सेंटॉस लिनक्स ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील या भरवशावर लोकांनी ती बसवली आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती २०२१ च्या अखेरीला बंद होणार. कंपनीने ठरवलं की संपलं. डेबियन इयान मर्डॉकने १९९३ मध्ये सुरू केलं, १९९७ पासून त्याचा लेखी सामाजिक करार आहे, प्रकल्पाचा प्रमुख दरवर्षी डेव्हलपरच मतदानाने निवडतात. तिथे वाद भरपूर होतात, कंटाळा येईल इतके होतात, पण एका सकाळी कुणी कुलूप लावून जाऊ शकत नाही.

डेबियनचे दोषही सांगायला हवेत. २००६ मध्ये डेबियनच्याच माणसांनी ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या साधनातल्या दोन ओळी काढल्या आणि २००८ पर्यंत तिथे तयार झालेल्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याइतक्या कच्च्या निघाल्या. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीचे शक्य पर्याय जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरले होते. स्टेबल म्हणजे निर्दोष असं मी म्हणत नाही. लॅपटॉप अगदी नुकताच बाजारात आलेला असेल तर ६.१२ ला त्यातलं काही ओळखता येणार नाही, तेव्हा बॅकपोर्ट्समधून, म्हणजे स्टेबलसाठी नवी पॅकेजेस देणाऱ्या वेगळ्या साठ्यातून, नवं कर्नल घ्यावं लागेल किंवा सरळ फेडोरा घ्यावी. नवे गेम खेळायचे असतील तर माझं ऐकू नका. आणि प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलरच मिळणार नाही. पण विंडोज ११ नाकारणारा तुमचा लॅपटॉप काही वर्षं जुना असणार, म्हणजे डेबियनसाठी अगदी योग्य वयाचा.

वायफाय चालणार नाही असं कुणी घाबरवलं तर ती तक्रार आता जुनी झाली. २०२२ च्या मतदानानंतर, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून, वायफायसारखी उपकरणं चालवणारं बंद कोडचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. तरी आधी इन्स्टॉल न करता चालणारी लाइव्ह आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून परत उघडणं एवढं तपासा. डेस्कटॉप निवडताना रॅम ४ जीबी असेल तर हलका एक्सएफसीई, ८ किंवा जास्त असेल तर केडीई. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि नंतर दोन वर्षं एलटीएस, त्यामुळे घाईने पुढचं काही शोधावं लागणार नाही. लाइव्हमध्ये सगळं जमलं की नेहमीचा इन्स्टॉलर वापरा. तो रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारेल तेव्हा ती जागा रिकामी सोडा, म्हणजे पहिल्या युजरला सुडो (प्रशासकाचे अधिकार वापरण्याची सोय) आपोआप मिळतं. डिस्कच्या पानावर मात्र सावकाश वाचा. संपूर्ण डिस्क निवडलीत की विंडोजबरोबर त्यातल्या तुमच्या फायलीही जातात, तेव्हा त्या आधीच बाहेरच्या डिस्कवर काढून, उघडून बघून ठेवा.