चोर्ला घाटात जोर लावताच सायकलची चेन का उतरते?
जोर लावल्यावर चेन उतरण्याचे कारण बहुधा जोर हे नसून, तो चालू असतानाच पुढचा गिअर बदलणे हे असते. ताणलेली चेन मोठ्या चक्रावरून लवकर सुटत नाही आणि सुटली की झटक्यासरशी लहान चक्र ओलांडून फ्रेमच्या बाजूला पडते. पुढच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागाचा) आतली मर्यादा ठरवणारा स्क्रू सैल असेल तर हमखासच. 2010 च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत पोर्ट दे बालेसच्या चढावर सायकलपटू अँडी श्लेकची चेन ऐन चढाईच्या जोरात उतरली आणि त्या दिवशी त्याचे 39 सेकंद गेले. गिअर बदलताना पाय क्षणभर हलका ठेवावा. गिअर न बदलताही चेन उतरत असेल, तर मात्र झिजलेले दाते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजून आखडलेली कडी तपासावी. पेडल उलटे फिरवल्यास ती मागच्या डिरेलरच्या छोट्या चक्रांवरून जाताना उडी मारते.