चोख्याकडं साक्षीला ऊसच होता

अंबाजोगाई, रविवार

चि. लेकरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निबंध पोचला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. अक्षर झकास आहे. चोखोबांच्या ‘ऊस डोंगा’वर तू लिहिलंयस, ‘या अभंगात पॅथॉस आहे, इथॉस आहे आणि थोडा लोगॉसही आहे.’ परीक्षेत याला मार्क पडतील. पण हे म्हणजे भाजीत मीठ आहे, तिखट आहे आणि थोडं तेलही आहे, असं सांगितल्यासारखं झालं. कुठल्या भाजीत नसतं?

अ‍ॅरिस्टॉटलचे तीन मार्ग तुला पाठ आहेत: बोलणाऱ्याची पत (इथॉस), ऐकणाऱ्याच्या मनातली कालवाकालव (पॅथॉस), आणि मुद्द्याचा तर्क (लोगॉस). ते परत सांगत नाही. त्याचं एक म्हणणं मात्र गाइडं गाळतात. बोलणाऱ्याची पत त्याच्या बोलण्यातूनच उभी राहायला हवी, आधीच्या नावलौकिकातून नाही, असं तो म्हणतो. हे ध्यानात ठेव आणि मग अभंगाकडं ये.

ऊस डोंगा परी रस नव्हे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

डोंगा म्हणजे वाकडा. अवकाळी वाऱ्यात आडवा झालेला ऊस तू पाहिलायस. जमिनीवर लोळतो आणि पुन्हा वर उठताना गुडघ्यात मोडल्यासारखा वाकतो. चरकात घातला की रस मात्र वाकडा येत नाही. हे कुणाला पटवून द्यावं लागतं का? पुढं कमान वाकडी पण तीर नाही, नदी वाकडी पण पाणी नाही. ऐकणारा मान डोलवतो. एकदा, दोनदा, तीनदा. आणि चौथ्यांदा चोखोबा म्हणतात, चोखा डोंगा परी भाव नव्हे डोंगा. मान तर आधीच हललेली असते.

महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या जुन्या ग्रंथात आधी सूत्र येतं, मग दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत मूळ मुद्द्याला नेऊन लावायची जागा. इथं ती शेवटी येते, चोख्याच्या नावासकट. ही शिवण निबंधात बोट ठेवून दाखवायला हवी होती. तू ‘हृदयस्पर्शी’ लिहिलंस आणि पुढं गेलीस.

आता खरं ते. ‘मी डोंगा नाही’ असं चोखोबा म्हणत नाहीत. लोकांनी मारलेला शिक्का ते आधी कपाळावर घेतात, ‘चोखा डोंगा’, आणि मग ‘परी’ म्हणतात. असं का? चौदाव्या शतकात देवळाबाहेर उभ्या केलेल्या माणसाला ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणायची सोयच नव्हती. त्याचा शब्द कोण धरणार? म्हणून साक्षीला ऊस, कमान, नदी. त्यांना जात विचारता येत नाही. आणि ‘काय भुललासी’ बघ. आरोपी म्हणून उभा केलेला माणूसच समोरच्याला विचारतोय, तू कशाला भुललास? तेही एकवचनात. तू याला करुणा म्हटलंस. मला यात उलटतपासणी ऐकू येते.

याच्या शेजारी ब्रूटसला बसव. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकात सीझरचा खून करून तो लोकांपुढं येतो आणि गद्यात बोलतो. पहिल्याच दमात म्हणतो, माझ्या इभ्रतीखातर माझ्यावर विश्वास ठेवा. त्याला हे म्हणता येतं, कारण रोमात त्याची पत आहे. बोलून झालं की तो निघून जातो आणि सभा सीझरचा दोस्त अँटनी याच्या हाती सोडतो. (माझ्या मते नाटकातला सगळ्यात मोठा मूर्खपणा हाच. खून त्यानंतर.) मग अँटनी पद्यात सुरू होतो आणि ब्रूटसच्या इभ्रतीचाच शब्द इतक्यांदा घोळवतो, की त्याच्या चिंध्या होतात.

या अँटनीनं मला अकरा वर्षं फसवलं. मराठीचा मास्तर असूनही मी ते भाषण मराठीत करून दाखवायचो. खांद्यावरचं उपरणं सीझरचा झगा म्हणून टेबलावर पसरायचो. ‘इथून कॅशियसचा खंजीर गेला, इथून कॅस्कानं भोसकलं, आणि इथून त्याच्या लाडक्या ब्रूटसनं!’ पोरं टाळ्या वाजवायची, मी खूश. एका वर्षी मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, ‘सर, खून व्हायलाता तेव्हा अँटनी तिथं होता का?’

मी पुस्तक काढलं. नव्हता. ट्रेबोनियसनं त्याला आधीच बोलत बोलत बाजूला नेलं होतं. मग कुठलं भोक कुणाच्या खंजिराचं, हे त्याला कुठून कळलं? मनानं केलेलं होतं सगळं. गर्दीनं विचारलं नाही, आणि मीही नाही, कारण तोवर आम्ही त्या झग्याकडं बघत होतो. सीझरच्या मृत्युपत्राचंही तसंच. आधी कागद दाखवायचा, मग वाचत नाही म्हणायचं, मधे झगा, आणि शेवटी सीझरनं रोमकरांना ठेवलेली रक्कम, माणशी 75 द्राख्म. रक्कम तर्काची, पण ती कधी सांगायची हे हिशेबानं ठरवलेलं.

त्या पोराचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. पुढं एकदा त्याच्याबरोबर माळेगावच्या यात्रेला गेलो. लाल कंधारीची एक जोडी उभी होती. दलालाचा एक हात बैलाच्या वशिंडावर. ‘मालक, दात बघा, चौसा हाय. तीन पिढ्या हितंच धंदा करायलाव, खोटं बोलून कुठं जाणार? घरधनी रात्री जेवला नाही बघा, लेकरू इकल्यावानी व्हायलंय त्याला.’ दात, पिढ्या, लेकरू. एका श्वासात तिन्ही, आणि कुठलं कुठं संपलं ते सांगता येऊ नये इतकं मिसळून. गिऱ्हाईक हूं की चूं करेना. त्यानं बैल दहा पावलं चालवून मागितला आणि मागच्या पायांकडं बघत राहिला. मग उपरण्याखाली बोटं धरून भाव सुरू झाला.

तू वाचतेस तेव्हा बैल असा चालवून बघ. पहिल्या वाचनात पेन्सिल नको. जिथं गळा दाटला, जिथं ‘खरंय’ वाटलं, तिथं नुसती खूण कर. नंतर त्या खुणेपाशी परत जा आणि तिथल्या तिथं शब्द हुडक. फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहिला. त्यातल्या ‘विद्येविना मती गेली’ला तू हमखास खूण करशील. मग मोज: मती गेली, नीती गेली, गती गेली, वित्त गेले, आणि मग शूद्र ‘खचले’. चार वेळा वस्तू जाते, पाचव्यांदा माणूस बसतो. क्रियापद बदललं तिथं काळजात धस्स होतं. आणि साखळीतली प्रत्येक कडी सारखीच पक्की आहे का, की लयीनं ती पक्की वाटायला लावली? हे विचारल्यानं फुले लहान होत नाहीत, घाबरू नकोस.

एक मात्र होतं. हे शिकलेली पोरं काही दिवस सगळ्यांवरच संशय घेतात. आई रडली तरी ‘पॅथॉस’ म्हणतात. माझ्या घरी एकानं म्हटलं होतं आणि दोन दिवस स्वतःच्या हातानं चहा करून प्याला. मन हलवणं म्हणजे फसवणं नाही. चोखोबांचा ‘जोहार मायबाप जोहार’ वाच. जोहार म्हणजे महारांनी घालायचा नमस्कार. तुमच्या महाराचा मी महार, म्हणतात, आणि भुकेला होऊन उष्ट्यासाठी आलो म्हणतात. इथं भूक युक्ती म्हणून आलेली नाही.

आणि नेमकं इथंच तुझं पुढचं काम आहे. आपल्या पैठणच्या नाथांनीही जोहार लिहिलेत. ब्राह्मण माणूस महाराच्या तोंडानं ‘जोहार मायबाप’ म्हणतो. शब्द तोच, तोंड वेगळं. चोखोबांना पत नव्हती म्हणून त्यांनी उसाला साक्षीला बोलावलं. नाथांना पत होती, ती बाजूला ठेवून ते खाली उतरले. ऐकणाऱ्या गावाला दोन्ही जोहार सारखेच ऐकू आले असतील का? मला याचं उत्तर दर दोन-चार वर्षांनी वेगळं वाटतं, त्यामुळं माझं इथं सांगत नाही.

दोघांचा एकेक जोहार समोरासमोर दोन पानांवर उतरून काढ, हातानं. मोबाइलवरून छापून आणू नकोस, लिहिताना हात कुठं थांबतो ते कळायला हवं. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये, जेवायलाच ये. काकू धपाटे करणार आहे. निबंधाचा पहिला मसुदा फेकला नसशील तर तोही घेऊन ये, खाडाखोडीसकट. दुसऱ्या पानावर ‘उलट’ असा एक शब्द लिहून तू गिरवून टाकलायस, उजेडात दिसला. तिथं काय लिहिणार होतीस ते ऐकायचंय.

तुझा,
सर