जाती, प्रजाती आणि बियाण्याची जात

सेलूच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: "विज्ञानाच्या पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हटलंय. पेपरात 'नाथसागरावर पक्ष्यांच्या दुर्मीळ प्रजाती' असं छापून येतं, तिथं मात्र स्पीशीजच म्हणायचं असतं. कृषी पत्रकात 'तुरीच्या सुधारित जाती' असतात, त्या तर दोन्हींत बसत नाहीत. पोरं विचारतात, खरं कोणतं? आणि जाता जाता, उपजाती म्हणावं की उपप्रजाती?"

उत्तर आधी देऊन टाकतो: पुस्तक बरोबर आहे. मराठी पाठ्यपुस्तकांतली उतरंड सृष्टी, संघ (वनस्पतींसाठी विभाग), वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. प्रजाती म्हणजे जीनस, जाती म्हणजे स्पीशीज. एका प्रजातीत अनेक जाती असू शकतात, उलट नाही. आता पेपरवाल्यांचं असं का होतं, ते बघू.

पहिलं कारण हिंदी. हिंदीत जीनससाठी 'वंश' हा शब्द आहे, त्यामुळे तिकडे 'प्रजाति' मोकळाच होता आणि बोलता-लिहिताना तो स्पीशीजला चिकटला. बातमी हिंदीतून मराठीत येते तेव्हा तो शब्द जसाच्या तसा उतरतो. मराठीत ती जागा आधीच भरलेली आहे, हे अनुवाद करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुसरं कारण थोडं अवघड आहे, पण सांगायला हवं. 'जात' म्हटलं की आपल्याला आधी दाखला आठवतो, मग पडताळणी. 'पक्ष्यांच्या जाती' लिहिताना हात अडखळतो आणि 'प्रजाती' कसं स्वच्छ, शास्त्रीय वाटतं. मला हा संकोच समजतो, पटत नाही. संकोच टाळायला शब्दाची पायरीच बदलली, तर वाचणाऱ्याला चुकीची माहिती जाते.

तिसरं कारण 'प्र' या उपसर्गात आहे, आणि मला सगळ्यात मजेशीर तेच वाटतं. बऱ्याच जणांना प्रजाती हा जातीचा पोटभाग वाटतो, उपजातीसारखा. आता घरातली नाती घ्या. आजोबांच्या पुढचे पणजोबा, नातवाच्या पुढचा पणतू. दोन्हींतला 'पण' म्हणजे घासून गुळगुळीत झालेला 'प्र'च: संस्कृतात प्रपितामह आणि प्रपौत्र. त्याचा अर्थ एवढाच, की एक पायरी पुढे. ती वर की खाली, ते 'प्र' सांगत नाही. म्हणून प्रजाती ही जातीच्या वर आहे की खाली, हे शब्दाकडे बघून कळणार नाही. परिभाषेत काय ठरलं, तेच बघावं लागतं. मूळ संस्कृत शब्दाचाही या कामी उपयोग नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत 'प्रजातिश्च स्वाध्यायप्रवचने च' असं येतं, तिथे प्रजातीचा संबंध संततीशी आहे. जीनस हा अर्थ आपण अलीकडे दिला.

आता कृषी पत्रकातल्या 'जाती'. इथे शब्द शास्त्राचा नाही, शिवारातला आहे. कृषी सेवा केंद्रात "कोणच्या जातीचं बी देऊ?" असं विचारतात, तेव्हा स्पीशीज कुणाच्याच डोक्यात नसते. बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएन ७११ ही तूर आणि शेजारच्या रानातली दुसरी कुठली तूर, दोन्हींची जाती एकच: कजानस कजान. वेगळा आहे तो वाण. गोंधळ वाढवायला मराठी व्याकरण हात देतं. बोलीतला शब्द 'जात', त्याचं अनेकवचन 'जाती'. परिभाषेतला शब्द मुळातच 'जाती', त्याचं अनेकवचनही 'जाती'. विभक्ती लागली की दोन्हींचं 'जातीचा', 'जातीला', 'जातींमध्ये'. म्हणजे 'तुरीच्या जाती' या दोन शब्दांतून वाण म्हणायचेत की तुरीच्या स्पीशीज, हे कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून पिकांसाठी 'वाण' हाच शब्द लिहावा. तो जुना आहे, शेतकऱ्याच्या तोंडात आहे आणि कशाशी टक्कर घेत नाही.

हे सगळं कशाला, असं वाटत असेल तर परभणीची भेंडी घ्या. भेंडीवर केवडा रोग येतो: पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान पिवळं होतं. रोग विषाणूचा, पसरवते पांढरी माशी. भेंडीच्या चालू वाणांत त्याला टिकेल अशी ताकद नव्हती. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात भेंडीचा, म्हणजे अॅबेलमॉस्कस एस्क्युलेंटसचा, अॅबेलमॉस्कस मॅनिहॉटशी संकर केला, आणि पुन्हा भेंडीकडे वळवत, निवड करत १९८०च्या दशकात 'परभणी क्रांती' काढली. आता हे एका वाक्यात लिहा: एकाच प्रजातीतल्या दोन जातींच्या संकरातून काढलेला वाण. तिन्ही शब्द आपापल्या जागी आहेत आणि प्रत्येकाला काम आहे. हेच पेपरच्या मराठीत लिहायला गेलात तर 'एकाच प्रजातीतल्या दोन प्रजातींपासून नवी प्रजाती' असं होईल. वाचणाऱ्याने काय समजायचं?

नावाबद्दल एक बारीक गोष्ट मुलांना जरूर सांगा. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने वनस्पतींसाठी १७५३मध्ये आणि प्राण्यांसाठी १७५८मध्ये जी दोन शब्दांची पद्धत पक्की केली, तीत पहिला शब्द प्रजातीचा, पण दुसरा एकटा शब्द म्हणजे जातीचं नाव नव्हे. दोन्ही मिळून जातीचं नाव होतं. नुसतं 'एस्क्युलेंटस' म्हटलं तर त्याचा अर्थ 'खाण्याजोगा' एवढाच. तो कशालाही लागू शकतो.

प्रजातीची रेघ कुठे ओढायची, हे मात्र अभ्यासकच ठरवतात आणि पुरावा बदलला की पुसतातही. रानतुरीचं असंच झालं. तिला आणि तिच्या भाऊबंदांना पूर्वी अॅटायलोसिया नावाच्या वेगळ्या प्रजातीत ठेवलं होतं. फरकाची खूण बीवर होती: रानतुरीच्या बीला, जिथे ते शेंगेला चिकटलेलं असतं तिथे, एक फिकट मांसल उंचवटा असतो. आपल्या तुरीच्या बीवर तो ठळक दिसत नाही. पण यांतल्या कित्येक रानजातींचा तुरीशी संकर होतो, झाडांना शेंगा धरतात, बी रुजतं. नातं इतकं जवळचं असताना एका उंचवट्यापायी घर वेगळं कशाला? १९८०च्या दशकात अॅटायलोसिया मोडून कजानसमध्ये घातली गेली. रानतूर आज कजानस स्कॅराबिऑइडिस आहे. जाती तीच राहिली, प्रजाती बदलली. 'प्रजाती'ला स्पीशीज म्हणणाऱ्याला हे वाक्य लिहिताच येणार नाही.

जातीची कसोटी त्या मानाने जमिनीवरची आहे, निदान प्राण्यांत. जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायरने १९४२मध्ये मांडलेली व्याख्या अजून शिकवली जाते: आपसांत प्रजनन करून पुढे चालणारी पिढी देतात ते एका जातीचे. माळेगावच्या यात्रेत घोडे येतात, गाढवंही येतात. दोघांची प्रजाती एक, इक्वस, जाती वेगळ्या. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराला येतात ६३. त्या विषम संख्येने खेचराची पुढची पिढी जवळपास नेहमीच अडते. जीवाणूंना आणि बऱ्याच वनस्पतींना ही कसोटी नीट लागत नाही. भेंडीचं उदाहरण वर आहेच.

नाथसागराच्या बातमीकडे वळू. रोहित पक्ष्याच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, भारतात दोन जाती: मोठा आणि छोटा. योगायोग असा, की छोट्या रोहिताला आता बहुतेक जण वेगळ्या प्रजातीत ठेवतात. म्हणजे 'रोहितच्या दोन प्रजाती' असं लिहिणारा चुकूनही बरोबर ठरतो! पण याच पक्ष्यात एक खरी बातमी आहे, ती कुणी छापत नाही. लांब पाय बघून रोहिताला आपण बगळ्या-करकोच्यांचा नातलग समजतो. या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या डीएनए अभ्यासांत त्याचा सगळ्यात जवळचा नातलग निघाली टिबुकली. पाझर तलावात बुडी मारून भलतीकडेच वर येणारी, बदकाच्या पिल्लाएवढी, तीच. लांब पाय आणि वाकडी चोच हा रोहिताचा स्वतःचा पुढचा उद्योग. दोघांची कुळं वेगळी, गणही वेगळे, पण पूर्वज सामाईक.

'कुल' की 'कुळ', असंही कधी कधी विचारलं जातं. पुस्तकात 'कुल' आहे, मी 'कुळ' लिहितो, अडत नाही. आपल्याकडे कूळ म्हटलं की हैदराबाद राज्यातून आलेला १९५०चा कूळवहिवाट कायदा आठवणारे लोक अजून आहेत, पण बाभूळ कुठल्या कुळातली हे वाचताना सातबारा कुणी काढत नाही.

राहिली उपजाती. जीनसचा पोटविभाग तो उपप्रजाती, स्पीशीजचा तो उपजाती; बातम्यांत जिथे जिथे 'उपप्रजाती' छापतात तिथे जवळजवळ नेहमी उपजातीच हवी असते. आणि जनावरांच्या बाजारातल्या जातीला यांपैकी काहीच म्हणू नका. देवणी, लाल कंधारी, गीर या माणसाने निवड करून जोपासलेल्या जाती आहेत, निसर्गात वेगळ्या पडलेल्या उपजाती नव्हेत. देवणीत पुन्हा रंगावरून वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा असे प्रकार करतात; त्यांना 'प्रकार' हाच शब्द पुरतो. तिथे 'देवणी जात' असं एकवचनी 'जात' लिहिलं, की परिभाषेतल्या 'जाती'शी गल्लत होण्याची शक्यता बरीच कमी होते.