अटलांटिकचा महासर्प

प्रश्न : आमच्याकडे मासळीच्या जाळ्यात समुद्री साप नेहमी येतात. पाश्चात्त्य खलाशांनी वर्णिलेला महासर्प म्हणजे अशाच सापांची अतिशयोक्ती असेल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपला तर्क स्वाभाविक आहे, परंतु भूगोल त्याला साथ देत नाही. समुद्री सापांची वस्ती हिंदी आणि प्रशांत महासागरांत आहे, अटलांटिकमध्ये नाही. आणि महासर्पाच्या सर्वाधिक गाजलेल्या कथा मात्र अटलांटिकच्याच किनाऱ्यांवरच्या आहेत.

नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन पुराणकथांत ओडिन हा देव लोकी या दुसऱ्या देवाच्या योर्मुंगांड नावाच्या सर्परूपी पुत्राला समुद्रात फेकून देतो आणि तो इतका वाढतो की पृथ्वीला वेढा घालून स्वतःचीच शेपटी तोंडात धरतो. पुढे ‘थोर’ नावाचा देव गळाला बैलाचे डोके लावून त्याला ओढू पाहतो. स्वीडनमधील आल्टुना येथील शिळेवर हा प्रसंग कोरलेला असून, ओढीच्या जोराने थोरचा पाय होडीच्या तळातून आरपार गेलेला त्यात स्पष्ट दिसतो.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने खरे महत्त्व 1817 मधील एका चौकशीला आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या ग्लॉस्टर बंदरात अनेकांनी महासर्प पाहिल्याचे सांगितले, तेव्हा न्यू इंग्लंडच्या लिनिअन सोसायटी या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेने समिती नेमून स्थानिक दंडाधिकाऱ्यामार्फत साक्षीदारांच्या शपथेवर जबान्या घेतल्या. नंतर जवळच सापडलेला, पाठीवर उंचवटे असलेला सुमारे तीन फुटांचा साप समितीने महासर्पाचे पिल्लू मानला आणि त्याला नवे शास्त्रीय नावही दिले. पण तो व्यंग असलेला, जमिनीवरचा साधा काळा साप असल्याचे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेस्यूर यांनी दाखवून दिले.

समितीच्या या चुकीपायी त्या जबान्याही निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. प्राण्याची हालचाल आडवी होती की उभी, असा नेमका प्रश्न त्यांत होता, आणि ती सुरवंटासारखी वरखाली होती असे उत्तर मिळाले. साप पोहताना शरीर डावी-उजवीकडे वळवतो. वरखाली हालचाल ही देवमासे आणि डॉल्फिन यांची रीत आहे. त्यामुळे ग्लॉस्टरच्या लोकांनी काहीतरी खरोखर पाहिले असावे, मात्र तो साप नसावा, असे मला वाटते.